फादरांच्या शाळेतली मुले



या व्याख्यानमालेत कथा-कादंबरीवर, संतवाङ्मयावर, नाटकावर पुष्कळ बोलून झाले आहे. मी दवाखान्यात बसणारा माणूस. रोज कुणीतरी आजी नातवाचा सर्दी-खोकला घेऊन येते आणि औषधाच्या पुड्या हातात पडल्यावर हळूच विचारते, "डॉक्टर, याला कुठल्या शाळेत घालावं?" त्या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा एक उत्तर आधीच तयार असते. "फादरांच्या शाळेत मिळालं तर बरं. तिथली मुलं फार पुढं जातात हो." आज या एका वाक्याची तपासणी करावी असे मी ठरवले आहे. फादरांच्या शाळेतून कोण पुढे गेले, ते कशाने गेले, आणि आपण भोपाळच्या मराठी माणसांनी त्यातून काय घ्यायचे, एवढाच आजचा विषय.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपण सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतो. कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा, सिस्टर लोकांचा मठ. मुलींच्या शाळा त्या चालवत, म्हणून त्या शाळांना ते नाव पडले. मुलांच्या शाळा निराळ्या. त्या पाद्र्यांच्या संघांनी काढल्या. मुंबई-पुण्याकडे मुख्यतः येशूसंघ, म्हणजे जेझुइट. नागपुराकडे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचा फ्रेंच संघ. हे फादर शाळेच्या आवारातच राहत. घर नाही, संसार नाही. शाळा सुटल्यावरही शाळेतच. या गोष्टीचा शाळेवर काय परिणाम होतो, ते पुढे पाहू.

या शाळांची सनावळी पाहिली की एक गंमत दिसते. बेळगावचे सेंट पॉल्स १८५६ चे, वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चे, माझगावचे सेंट मेरीज १८६४ चे, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे, आपल्या जबलपूरचे सेंट अलॉयशियस १८६८ चे, मुंबईत धोबीतलावाचे सेंट झेवियर्स १८६९ चे. नागपूरचे सेंट फ्रान्सिस द सेल्स, ज्याला सगळे नागपूरकर एसएफएस म्हणतात, तेही दीडशे वर्षांहून जुने. पंधरा वर्षांत एवढ्या शाळा एकदम कशा उगवल्या? १८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळण्याची वाट उघडली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि मॅट्रिकच्या परीक्षेला मोल आले. छावण्या वाढल्या, रेल्वे आली, इंग्रजी येणारा माणूस हवा झाला. फादर लोकांनी ती गरज ओळखली. आपल्या भोपाळचे कॅम्पियन मात्र फार नंतरचे, १९६५ चे. राज्य पुनर्रचनेत १९५६ साली नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळला राजधानी आली, तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर कितीतरी मराठी कारकून, शिक्षक, अभियंते इकडे आले. त्याच सुमारास भेलचा कारखाना उभा राहू लागला. आपल्यापैकी अनेकांची घरे त्या दोन कारणांनी इथली झाली. त्या पिढीने पहिली चौकशी घराची केली आणि दुसरी शाळेची.

आता नावांकडे वळतो. आपल्याला जवळचे म्हणून नागपूर आधी. एसएफएसमधून हरीश साळवे निघाले. त्यांचे वडील एन. के. पी. साळवे जन्माने छिंदवाड्याचे, म्हणजे आपल्याच राज्यातले. केंद्रात मंत्री होते, क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते, आणि १९८७ चा विश्वचषक इंग्लंडबाहेर आपल्या उपखंडात आणण्यात त्यांचा मोठा वाटा. मुलगा हरीश १९९९ ते २००२ भारताचा सॉलिसिटर जनरल होता. कुलभूषण जाधव यांचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांनी एक रुपया मानधनावर लढवला. १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. ६ ऑगस्टच्या संध्याकाळी सुषमा स्वराजांनी त्यांना फोन करून आपला रुपया घेऊन जायला उद्या या म्हणून सांगितले, आणि त्याच रात्री त्या गेल्या. विदिशेच्या खासदार म्हणून त्या आपल्या शेजारच्या. पुढे त्यांच्या मुलीने तो रुपया साळव्यांच्या हाती ठेवला.

त्याच शाळेतून राजकुमार हिराणी निघाले. फाळणीत सगळे सोडून आलेले सिंधी कुटुंब, वडिलांची नागपुरात टायपिंग शिकवण्याची संस्था. घरच्यांना वाटे मुलाने सीए व्हावे. मुलगा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन संकलन शिकला आणि पुढे 'मुन्नाभाई', 'थ्री इडियट्स' केले. गुणपत्रिकेच्या मागे धावणाऱ्या आईबापांना २००९ साली चित्रपटगृहात बसवून हसवता हसवता चिमटा काढला, तो एका नामांकित शाळेच्या विद्यार्थ्याने. हे विसरू नये.

मुंबईत धोबीतलावाच्या सेंट झेवियर्सचे सुनील गावसकर. शाळेच्या शेवटच्या वर्षी शालेय सामन्यांत नाबाद २४६, २२२ आणि ८५. १९६६ साली देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू म्हणून निवड. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा, आणि ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबादला कसोटीतल्या दहा हजार धावा, जगात पहिल्यांदा. त्यांच्या आधीच्या पिढीत तिथेच शिकलेले होमी सेठना. १९७४ ला पोखरणला पहिली अणुचाचणी झाली तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेच होते. माझगावच्या सेंट मेरीजचे अझीम प्रेमजी, माहीमच्या सेंट मायकल्सचे झाकीर हुसेन, मडगावच्या लोयोलाचे मनोहर पर्रीकर. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्सचे मेरवान इराणी, ज्यांना जग मेहेरबाबा म्हणून ओळखते. यांची गोष्ट तर न्यारीच. फादरांनी ज्याला इंग्रजी बोलायला शिकवले, त्याने १० जुलै १९२५ रोजी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत सोडले नाही.

यादी आणखी लांबवता येईल. पण यादी लांब झाली म्हणजे मुद्दा सिद्ध झाला, असे होत नाही. हे मी माझ्या धंद्यातून शिकलो. दवाखान्यात पेढे घेऊन येतो तो बरा झालेला. ज्याला गुण आला नाही, तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, पेढे घेऊन माझ्याकडे येत नाही. मी जर फक्त पेढे मोजले, तर मला वाटेल माझ्या हाताला शंभर टक्के यश आहे. शाळेच्या फलकावरची नावे ही पेढ्यांसारखी असतात. दीडशे वर्षांत हजारो मुले त्या दारातून आत गेली आणि बाहेर पडली. बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, दुकाने चालवली, संसार केले. त्यांची नावे फलकावर नाहीत, आणि ती नसल्याने त्यांचे काही कमी झाले असेही नाही.

दुसरे असे, की होमिओपॅथीत रोग्याची सगळी हकीकत घेतल्याशिवाय औषध ठरत नाही. झोप कशी, भूक कशी, घरात कोण, लहानपणी काय झाले, सगळे विचारावे लागते. या नामवंतांची अशी हकीकत घेऊन बघा. गावसकरांचे मामा माधव मंत्री भारताकडून खेळलेले यष्टिरक्षक. आई मीनल घरातल्या घरात मुलाला चेंडू टाकत असे, आणि एकदा त्याने मारलेला फटका तिच्या नाकावर बसला. झाकीर हुसेन यांचे वडील उस्ताद अल्लारखा. मुलाला पहाटे तीनला उठवून ताल शिकवत. प्रेमजींच्या वडिलांनी १९४५ मध्ये खानदेशात अमळनेरला वनस्पती तुपाची गिरणी काढली होती. १९६६ साली वडील अचानक गेले तेव्हा मुलगा अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. एकवीस वर्षांचे ते पोर परत आले आणि गिरणीच्या गादीवर बसले. साळव्यांच्या घरात आजोबांपासून वकिली. या हकिकतीत शाळा ही एक ओळ आहे. महत्त्वाची खरी, पण एक.

मग शाळेने दिले तरी काय? ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली गोष्ट, वेळ. संसार नसलेला शिक्षक संध्याकाळी पाचलाही मैदानावर असतो. या शाळांना मैदाने होती, आणि मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहणारा कुणीतरी होता. दुसरी गोष्ट, शिस्त. घंटा वाजली की वाजली. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बाक. एका बाकावर कोण कोण बसले ते आठवा. गावसकर हिंदू, सेठना आणि मेरवान पारशी-इराणी, प्रेमजी आणि झाकीर मुसलमान, हिराणी सिंधी, साळवे मराठी ख्रिस्ती, पर्रीकर गोव्याचे सारस्वत. आपल्या आजी-आजोबांना धास्ती असायची, पाद्र्याच्या शाळेत घातला तर पोरगा बाटेल. या यादीतल्या कुणाचा धर्म शाळेने बदलला? कुणाचाच नाही. झाकीर हुसेन आपल्या लहानपणाविषयी सांगत, की पहाटे वडिलांसमोर सरस्वती-गणेशाची स्तुती असलेला ताल, मग मदरशात कुराण, मग शाळेत ख्रिस्ताची गाणी, असे एका सकाळीत सगळे होई, आणि त्या मुलाला यात काही विसंगत वाटत नसे. आम्हा जैनांत याला अनेकान्त म्हणतात. आम्ही त्याच्यावर ग्रंथ लिहिले. माहीमचे ते पोर रोज सकाळी साडेआठपर्यंत तो जगून मोकळे होई.

आता यादीतले जे दिसत नाही, त्याकडे वळतो. गावसकरांनी आपल्या 'सनी डेज' या आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. जन्मल्यावर त्यांच्या काकांनी, नारायण मसुरेकरांनी, बाळाच्या डाव्या कानापाशी एक बारीक छिद्र पाहिले होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, बाळ उचलले, तर छिद्र नाही. शोधाशोध झाली. इस्पितळात आंघोळीच्या वेळी बाळे बदलली गेली होती आणि खरे बाळ एका कोळिणीशेजारी झोपलेले सापडले. आपण हा किस्सा हसत सांगतो. मी मात्र त्या दुसऱ्या बाळाचा विचार करतो. काकांची नजर तेज नसती, तर कोळ्याचा मुलगा धोबीतलावाच्या झेवियर्समध्ये शिकला असता आणि गावसकरांचा मुलगा मासळीच्या होडीवर गेला असता. मनगट तेच, नजर तीच. पण त्याला खेळायला मैदान आणि शिट्टी वाजवणारा फादर मिळाला असता का? शाळा गुण निर्माण करते की नाही यावर वाद घालता येईल. गुणांना दार उघडते, याबद्दल वाद नाही. आणि म्हणूनच त्या दारातून कोण आत येते, हा प्रश्न नामवंतांच्या यादीपेक्षा मोठा आहे.

इथे थोडे कायद्याचे बोलतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. पण घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा अधिकार दिला आहे, आणि २०१४ च्या प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्याच्या बंधनातून वगळले. आपण लगेच म्हणू, बघा, मिशनच्या शाळा सुटल्या. पण त्याच २०१४ साली आम्हा जैनांनाही देशपातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे जैन ट्रस्टची शाळाही त्याच पंक्तीला बसली. तेव्हा मी फादरांना जे विचारीन ते आधी माझ्या समाजाला विचारीन. कायदा भाग पाडत नाही, म्हणून दार अरुंद ठेवायचे का? आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान अशी चार दाने आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्यातल्या ज्ञानदानाला वीस-पंचवीस हजारांची प्रवेश फी लावली, की त्याचे नाव बदलायला हवे. कॅथलिक संघांतही हा विचार करणारे लोक आहेत. अनेक संघांच्या शाळा खेड्यापाड्यांत, आदिवासी भागांत आहेत. तिथल्या माजी विद्यार्थ्यांची यादी कुणी छापत नाही. अझीम प्रेमजींनी मात्र आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग सरकारी शाळांतल्या शिक्षणासाठी दिला, आणि २०२३ पासून त्यांच्या नावाचे विद्यापीठ आपल्या भोपाळमध्येही आहे. फादरांच्या शाळेत शिकलेल्या माणसाने ज्यांना ती शाळा मिळाली नाही त्यांच्याकडे वळून पाहिले. माझ्या लेखी यादीतले हे नाव त्यामुळे वर जाते.

शेवटचा मुद्दा आपल्या घरातला. भाषेचा. आपल्यात एक तक्रार नेहमी ऐकू येते. फादरांच्या शाळेत घातले आणि मुलाचे मराठी गेले. ही तक्रार जरा इतिहासाच्या उजेडात धरू. कॅम्पियन शाळेला ज्यांचे नाव दिले आहे ते एडमंड कॅम्पियन हे सोळाव्या शतकातले इंग्रज जेझुइट. १५८१ मध्ये लंडनला त्यांना देहदंड झाला. त्यांच्याच पिढीतला, त्याच संघातला दुसरा एक इंग्रज १५७९ मध्ये गोव्याला येऊन उतरला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. आपण त्यांना फादर स्टीफन्स म्हणतो. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले. त्यात मराठीची जी थोरवी गायली आहे, ती आपल्याला शाळेत पाठ होती. म्हणजे पाहा, त्या संघाचा एक माणूस परदेशातून येऊन मराठीत पुराण रचतो, आणि चारशे वर्षांनी त्याच संघाच्या शाळेत मराठी घरातला मुलगा मराठी विसरतो. दोष संघाचा कसा म्हणावा? वसईकडे तर कॅथलिकांच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. आणि गावसकर? इंग्रजी शाळेत शिकूनही ते मराठी चित्रपटात झळकले, मराठीत गायले. कारण घरात मराठी होती. शाळेने इंग्रजी दिली, घराने मराठी राखली.

म्हणजे पुन्हा हकीकत घ्यायची ती घराची. आपल्या घरात जेवताना कोणती भाषा असते? नातू हिंदीत विचारतो, आजी मराठीत उत्तर देते, आणि सूनबाई दोघांना इंग्रजीत सांगते की लवकर आवरा. यात कुणाचा गुन्हा नाही. पण उपचार सोपा आहे आणि तो फादरांकडे मागायची गरज नाही. आपल्याला भोपाळमध्ये एक मोठी सोय आहे, जी लंडन-न्यू जर्सीतल्या मराठी घरांना नाही. हिंदीमुळे आपल्या मुलांना नागरी लिपी येते. मराठी वाचायला त्यांना फक्त 'ळ' ची नीट ओळख करून द्यायची आहे. तरी ही मुले आजोबांना वाढदिवसाचा निरोप फोनवर रोमन लिपीत पाठवतात. फादर स्टीफन्सना 'क्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत छापावे लागले, कारण त्यांच्याकडे नागरीचे खिळे नव्हते. आपल्या नातवांच्या फोनमध्ये नागरीचे सगळे खिळे आहेत. कुणीतरी शेजारी बसून ते दाखवायला हवेत, आणि दाखवणारा हात शाळेचा नसून आजोबांचा हवा.

तेव्हा त्या आजीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. शाळा चांगली पाहा. फादरांची मिळाली तर जरूर घाला, नाही मिळाली तर रडत बसू नका. शाळेत मैदान आहे का, शिक्षक संध्याकाळी थांबतो का, बाकावर निरनिराळ्या घरांतली मुले बसतात का, एवढे तपासा. फलकावरची नावे वाचण्यात फार वेळ घालवू नका. मीनल गावसकरांसारखे घरात चेंडू टाकणारे कुणी असेल, तर पोराचे अर्धे काम तिथेच होते.

आणि मंडळाला एक सूचना. आपण दरवर्षी दहावी-बारावीत चमकलेल्या मुलांचा सत्कार करतो. तो करावाच. पण यंदापासून आणखी एक बक्षीस ठेवू या. ज्या मुलाने वर्षभरात एक तरी अख्खे मराठी पुस्तक वाचले आणि ते आपल्या घरातल्या मोलकरणीच्या किंवा शेजारच्या वस्तीतल्या एका मुलालाही वाचून दाखवले, त्या मुलाला ते द्यावे. इंग्रजी शाळा, हिंदी शाळा, सरकारी शाळा, सगळ्यांना ते खुले असावे. पहिल्या वर्षी दोनच मुले आली तरी चालेल. पुस्तकांचा खर्च माझ्याकडे.